बिनब्रेकचं चाक

ता. ४ फेब्रुवारी

चि. ठमीस,

अ. उ. आ. इकडील सर्व क्षेम असं लिहायचं असतं, पण क्षेम नाही, म्हणून ते गाळते.

फोन का केला नाही असं विचारू नकोस. दोन खोल्यांचं घर, त्यात तुझे काका दिवसभर घरात, आणि पाय मोडला तरी कान शाबूत आहेत. म्हणून इस्पितळाच्या लाँड्रीत, जेवणाच्या सुट्टीत, चादरींच्या गठ्ठ्यावर कागद ठेवून लिहितेय. माझी शाळा चौथीत सुटली हे तुला माहीत आहे. अक्षराला हसू नकोस, मजकूर वाच.

तू काकांना तो गेम पाठवलास. पडलेल्या माणसाचा वेळ जाईल म्हणून पाठवलास, मान्य. पण आता तो परत घे, नाहीतर संपवून टाक. तुमच्याच कंपनीने बनवलाय ना? मग संपवताही येत असेल.

हाड जुळलंय. डॉक्टरने फोटो उजेडासमोर धरून मला दाखवला. आता चालायचं, जिने चढायचे-उतरायचे, नाहीतर पाय असाच कडक राहील म्हणाला. व्यायाम करवून घेणारी बाई येते, तिच्यासमोर हे चार पावलं टाकतात, आणि तिची पाठ वळली की खुर्चीत. भिंत धरून घरातल्या घरात फिरतात, पण तो फोटो काढून आणल्यापासून उंबरठा ओलांडलेला नाही. यार्डातला फोरमन येऊन गेला. माणूस चांगला आहे, पण त्याच्या डोक्यावरही कुणीतरी बसलेलं आहे. मार्च संपायच्या आत येऊन क्रेनची शिडी चढून दाखवा, जागा तुमचीच, नाहीतर बदली गडी कायमचा, असं सांगून गेला. यांनी मान हलवली. तो गेल्यावर मला म्हणाले की त्या शिडीला आपण परत हात लावणार नाही.

तुला हे पडले एवढंच माहीत आहे, आधीचं नाही. क्रेनचा ब्रेक घसरला. वर टांगलेलं लोखंड सुटल्यासारखं खाली आलं, आणि खाली माणसं उभी होती. त्यांच्या डोक्यावर येऊन थांबलं, कुणाला ओरखडा नाही. हे मात्र केबिनमधून घाबरे होऊन उतरायला गेले आणि शिडीवरून कोसळले. तुम्ही थांबवलंत म्हणून थांबलं, असं फोरमन घसा कोरडा होईपर्यंत सांगतो. यांना थांबलेलं आठवतच नाही. खाली येणारं तेवढं दिसतं.

आणि गेममध्ये मात्र हे चालतात! तू तो कडक प्रकार लावून दिलास ना, नकाशा नाही, घोडा नाही, जखम झाली तर जखम राहते, भूक लागली तर लागते. यांच्या त्या माणसाचा पाय मुरगळला, तर हे रानात जाऊन पाला शोधून आले, वाटला, लेप लावला, रोज बदलला. स्वतःच्या मांडीला तेल लावू देत नाहीत! त्या माणसाचं पोट गुरगुरलं की हे धावतपळत त्याला पाव मिळवून देतात, आणि इथे यांचं ताट गार. मी म्हटलं, त्या बाहुल्याची बायको कोण आहे, तिला विचारते, तुमच्याकडून एवढं काम कसं करून घेते. हसलेसुद्धा नाहीत.

आता तर तेही करत नाहीत. कुठेतरी मनोऱ्याचं बांधकाम चाललंय, तिथे नेऊन माणसाला उभा करतात आणि बघत बसतात. दिवसच्या दिवस. मला भीती वाटते ग. माणूस खुर्चीत असून घरात नाही, असं झालंय.

काहीतरी कर. लोभ आहेच, राग त्याहून जास्त आहे, हे ध्यानात ठेव.

तुझी,
मावशी

---

ता. ११ फेब्रुवारी

ती. मावशीस,

शि. सा. न. वि. वि. पत्र मिळालं. तुझा आवाज कागदातून इतका स्वच्छ आला की शेजारच्या टेबलावरच्याने मान वर केली असती तर मला नवल वाटलं नसतं.

गेम संपवता येत नाही, मावशी. तो गोष्टीसारखा नाही, सहाशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या गावासारखा आहे. माणूस तिथे राहतो. काय करायचं ते त्याचं त्याने ठरवायचं. हे बनवायला आम्हा इतक्या लोकांना वर्षं लागली, आणि त्यात माझं काम फक्त नाही म्हणायचं. चित्रकार गरिबाच्या झोपडीला काचेची खिडकी लावतो, मी म्हणते नाही, तेव्हा अशा घराला काच नव्हती. कुणी मळ्यात बटाटा लावतो, मी म्हणते नाही, त्या मुलखात बटाटा अजून पोचलेला नाही. ऑफिसात मला नाहीबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात, म्हणजे बघ. तो कडक प्रकारही माझ्याच हट्टाने ठेवला. खेळणाऱ्याला त्या काळात असल्यासारखं वाटायला हवं, तर तेव्हाची गैरसोयही हवी, असं माझं म्हणणं होतं. त्याचा असा त्रास तुला होईल हे डोक्यात नव्हतं.

एक मला कळत नाही. त्या मनोऱ्यापाशी थांबण्यासारखं काहीच नाही. गवंडी काम करत असतात, दगड वर जातात, बस. आमचे खेळणारे तिथून घाईने निघून जातात. काका नक्की कशाकडे बघतात? तू एकदा शेजारी बसून बघशील का? ओरडायचं नाही, बघायचं. तुला जमेल असं मी धरून चालते.

आईची तब्येत बरी आहे. तुझी आठवण काढते आणि तू फोनवर अर्ध्यात ठेवतेस म्हणून रुसते.

मार्च संपायच्या आत काकांनी ती शिडी चढावी, हेच माझ्याही मनात आहे. राग राहू दे, पण लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
ठमी

---

ता. १७ फेब्रुवारी

चि. ठमीस,

अ. उ. आ. बसले बाई तुझ्या म्हणण्याप्रमाणे. माझी सुट्टी होती, कपडे बाजूला ठेवले आणि यांच्या शेजारी स्टूल ओढलं. यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू यार्डात बायको आली.

आधी सांगते, चिखल चांगला केलाय तुम्ही. त्या माणसाच्या अंगरख्याला खाली जो थर आहे तो तस्साच असतो, वाळला की पापुद्रा निघतो. मी यांना म्हटलं, एकदा धुवा तरी, तर म्हणाले नदी लांब आहे. त्याला घेऊन नदीवर जायचं म्हणजे रस्ता विचारत विचारत जावं लागतं म्हणे. मग राहू दे.

हे बघतात काय ते सांगते. मनोऱ्याच्या माथ्यावर लाकडी चाक आहे, घराएवढं. आत दोन माणसं चालतात. चालतात आणि तिथेच असतात. ती चालली की चाक फिरतं, दोरखंड गुंडाळतो, खालून दगड वर येतो. थांबली की दगड अधांतरी. हे त्या चाकाच्या बाजूला माणसाला उभा करतात, मग दुसऱ्या बाजूला, मग खाली जाऊन वर मान करून. मुकादम दरवेळी बोलावतो, येतोस का आत, माणूस कमी आहे. बटण दाबलं की आत जाता येतं. हे दाबत नाहीत. अंगठा वर ठेवतात आणि काढून घेतात.

मी विचारलं की एवढं काय आहे त्यात. म्हणाले गप बस. मी गप बसले, हे तू लिहून ठेव. आणि खरं सांगू, दगड मध्येच थांबला तेव्हा मीही त्याच्याकडेच बघत राहिले. खोटा दगड, खोटी माणसं, आणि मी स्टूल घट्ट धरलेलं.

यांनी तुला चिठ्ठी लिहिलीय, पत्ता माझ्याकडून घालून घेतला. आत ठेवलीय. मी वाचलेली नाही. वाचली तरी मला काही कळलं नाही.

पायाचं तसंच. फोरमनचा पुन्हा निरोप आला. उंबरठ्यापर्यंत जाऊन चपला बघून परत आले. काय करू सांग.

तुझा लोभ पत्रातून दिसू दे, नुसत्या सहीत नको.

तुझी,
मावशी

(आतली चिठ्ठी)

चि. ठमी,

आशीर्वाद. तुझा गेम चांगला आहे. मनोऱ्यावरचं दगड चढवायचं चाक मी सगळ्या बाजूंनी पाहिलं. ब्रेक दिसला नाही. दाखवायचा राहिला असेल तर दुरुस्त करा. नसेल राहिला, तर दगड अर्ध्यात थांबतो तो कशावर थांबतो? घाई नाही, पण लवकर कळव.

काका

---

ता. २५ फेब्रुवारी

ती. मावशीस,

शि. सा. न. वि. वि. काकांना वेगळं पत्र टाकलं आहे. खरं तेच लिहिलं. त्या चाकांना ब्रेक नव्हता. आम्ही जितकी जुनी चित्रं पाहिली त्यात कुठेच दिसत नाही. आतली माणसं पाय रोवून उभी राहिली की चाक थांबतं. त्यांचे पाय हाच ब्रेक. एवढंच लिहिलं.

पुढचं तुला लिहिते, आणि हे पत्र काकांच्या हाती पडू देऊ नकोस.

मार्चच्या मध्यावर गेममध्ये एक भर पडणार आहे. ज्यांच्याकडे गेम आहे त्यांच्याकडे ती नेटवरून आपोआप पोचते. त्यात ते चाक उलटं फिरणार आहे. पाऊस पडून लाकूड ओलं झालेलं असेल, आतल्या एकाचा पाय घसरेल, दगडाचं वजन चाकाला मागे ओढेल, आणि आतली माणसं फेकली जातील. त्या काळी असं होत असे. हे मी सुचवलं, मावशी. काका पडायच्या कितीतरी आधी. नाही म्हणणाऱ्या बाईने सुचवलेली ही पहिली गोष्ट जी सगळ्यांनी उचलून धरली. मी मिठाई वाटल्यासारखी हिंडत होते.

आता काका त्या चाकासमोर बसलेत आणि माझी झोप उडाली आहे. मी साहेबांना म्हटलं, निदान दोन महिने पुढे ढकला. कारण विचारलं. सांगितलं. ते चांगलं बोलले, पण एका माणसाच्या काकांसाठी सगळ्यांचं थांबवता येत नाही म्हणाले. त्यांचंही चूक नाही.

एक उपाय सुचतो. काका शिडी चढून येईपर्यंत घरातलं नेट बंद ठेव. मग जुनंच चाक फिरत राहील. काहीतरी कारण सांग.

मी खऱ्याच्या मागे लागले आणि ते तुमच्या घरात शिरलं. माफ कर म्हणत नाही, कारण अजून काही बिघडलेलं नाही आणि बिघडू द्यायचं नाही.

माझ्यावर नजर आणि लोभ दोन्ही असू दे.

तुझी,
ठमी

---

ता. ३ मार्च

चि. ठमीस,

अ. उ. आ. तुझं पत्र वाचलं आणि तुला दोन लावाव्यात असं वाटलं. मग वाटलं, पोरगी खरं बोलली, तिला काय लावायच्या. मग परत वाटलं.

तू नेट बंद कर म्हणालीस. कसं बंद करतात ते लिहिलंस का? नाही. त्या डबीला चार दिवे आहेत, कोणता आपला ते मला काय माहीत. मी सरळ वायर कापली. कपाटामागे, कात्रीने. आणि यांना सांगितलं उंदराने कुरतडली.

त्यावर हे म्हणाले की केबलवाल्याला बोलाव. मी हो म्हणाले आणि बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाले की अजून कसा आला नाही. मी म्हटलं, त्याच्या घरी कुणी आजारी आहे. तिसऱ्या दिवशी काही बोललेच नाहीत, मला वाटलं निभावलं.

लाँड्रीतून घरी आले तर दार सताड उघडं. खुर्ची रिकामी. मोरीत नाहीत, आतल्या खोलीत नाहीत, राहिली गॅलरी. नको तेच मनात आलं ठमे, लिहायचं नाही ते. गॅलरीचा कठडा धरला, डोळे मिटले आणि मग खाली पाहिलं. खाली गल्लीत काही नव्हतं, नुसती एक सायकल. तिथेच बसले.

तेवढ्यात शेजारीण आली. म्हणाली, तुमचे हे कोपऱ्यावर केबलवाल्याच्या दुकानात बसलेत. मी तशीच धावले, एक चप्पल पायात, एक नाही. हे स्टुलावर बसलेले, सदरा घामाने भिजून पाठीला चिकटलेला, हातात आपली झाडूची दांडी. हो, झाडूची! काठी शोधली, सापडली नाही, झाडू उपसला. तीन मजले उतरून गेले. कठड्याला धरून, बुडावर बसत बसत, कसे गेले त्यांनाच माहीत. मी भर दुकानात यांच्यावर ओरडले. लोक बघत होते, बघू देत. हे म्हणाले की केबलवाल्याच्या घरी सगळे ठणठणीत आहेत.

मग तो वर आला. वायरचं टोक हातात फिरवून पाहिलं आणि म्हणाला, वहिनी, तुमच्या उंदराकडे धारदार कात्री आहे. हे माझ्याकडे बघत राहिले. मी चहा टाकायला गेले.

तर आता नेट चालू आहे. कात्री यांच्या उशीखाली आहे. उतरले हे खरं, पण त्यानंतर परत नाही. शिडीचं नाव काढलं की तोंड फिरवतात. तुझं ते चाक केव्हा उलटणार ते नीट कळव. मला लाँड्रीत चादर इस्त्रीच्या मशीनमध्ये सरळ घालता येत नाही.

लोभ ठेव, आणि डोकं वापर.

तुझी,
मावशी

---

ता. ८ मार्च

ती. मावशीस,

शि. सा. न. वि. वि. घाईत लिहितेय. भर १४ तारखेला निघेल, त्याच दिवशी तुमच्याकडे पोचेल. गेममध्ये पाऊस पडला की केव्हाही.

उतरल्याचं वाचून मी आईला ओरडून सांगितलं. ती रडायला लागली, मग झाडूचं ऐकून हसायला लागली.

आता लपवू नये असं मला वाटतं. कात्रीचं कळल्यावर काका तुझ्यावर डोळा ठेवून असतील, आणि अचानक दिसलं तर जास्त वाईट. पण समोर तू आहेस, मी नाही. काय करायचं ते तू ठरव. इतकं मोठं ओझं तुझ्यावर टाकून मी इथे सुरक्षित बसले आहे याची लाज वाटते.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ठमी

---

ता. १६ मार्च

चि. ठमीस,

अ. उ. आ. सांगून टाकलं. मला आडून बोलता येत नाही, एकदा प्रयत्न केला तर वायर कापावी लागली.

१४ तारखेला सकाळी चहाचा कप पुढे ठेवला आणि म्हटलं, तुमचं ते चाक आज ना उद्या उलटं फिरणार, आतली माणसं मरणार, आणि हे आपल्या ठमीने केलंय. गेम बंद ठेवायचा असेल तर आत्ताच ठेवा. यांनी चहाचा घोट घेतला. मग म्हणाले की ब्रेक नाही हे तिने लिहिलं तेव्हाच समजलं होतं, आज नाही उद्या व्हायचंच.

मला वाटलं आता ते काही खेळत नाहीत. तर यांनी खुर्ची पुढे ओढली, माणसाला त्या मनोऱ्यावर नेलं, आणि मुकादमाने बोलावलं तेव्हा बटण दाबलं. आत गेले! मी म्हटलं वेड लागलंय का. तर म्हणाले, बाहेर उभं राहून मला नाही कळत दगड कशावर थांबतो.

मी कामावर गेले नाही. निरोप पाठवला, ताप आहे. खोटं नव्हतं, अंग गरमच होतं. यांच्या मागे उभी राहिले. आतून ते चाक कसलं दिसतं ठमे. समोर नुसत्या फळ्या, एक गेली की दुसरी. शेजारी एक दाढीवाला चालतोय, तो काही बोलत नाही. फळ्यांच्या फटीतून खाली जमीन, आणि तिथे मुंगीएवढी माणसं. दुपारपर्यंत हे चालत होते. दगड जायचे, थांबायचे. हे थांबायचे तेव्हा यांचे स्वतःचे पाय जमिनीवर रोवलेले, दोन्ही, दुखरासुद्धा. मी पाहिलं. यांना ठाऊक नव्हतं.

मग गेममध्ये आभाळ काळं झालं. फळ्या ओल्या झाल्या. मी म्हटलं बाहेर या, झालं ते पुरे. दाढीवाल्याचा पाय सरकला. आणि मग जे झालं ते तू केलंयस, तुला माहीत आहे. फळ्या उलट्या धावायला लागल्या. हे बटणं दाबतायत, सगळी, आणि कशाचाच काही उपयोग नाही. धरायला काही नाही. मग अंधार. कडक प्रकार ना तुझा, एकदा मेला की मेला. महिन्यांचं सगळं गेलं. तो माणूस, त्याचा बरा झालेला पाय, तो न धुतलेला अंगरखा. मला रडू आलं. मला! बाहुल्यासाठी!

यांनी हातातलं खाली ठेवलं. मी हळूच पुढे येऊन यांचं तोंड पाहिलं, कारण मला वाटलं आता हा माणूस पार बुडाला. तर हे स्वतःचा उजवा हात बघत होते. मूठ मिटायची, उघडायची. मग म्हणाले, चाकातल्यांच्या हातात काही नव्हतं. माझ्या हातात दांडा होता. एक ब्रेक घसरला, मी दुसरा ओढला, आणि त्याने धरलं. आधी घसरला आणि मग धरलं. हे दोनदा म्हणाले, मला सांगत नव्हते.

एवढे महिने फोरमन हेच सांगत होता, मी हेच सांगत होते, पण आमचं सांगणं म्हणजे वारा. ते चाक आतून पाहावं लागलं.

संध्याकाळी जिन्यापर्यंत गेले, एक मजला उतरले, चढले. आज परत. चढताना तोंड वाकडं होतं, शिव्याही देतात. देऊ देत. पण शिडी म्हणजे जिना नव्हे, आणि तारीख जवळ आलीय. माझा अजून भरवसा नाही.

तुझ्यावरचा राग निम्मा उतरला. लोभ होता तेवढाच आहे.

तुझी,
मावशी

---

ता. २१ मार्च

ती. मावशीस,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वाचलं. परत वाचलं. मग जागेवर गेले.

इथे सगळे माझं कौतुक करतायत. चाक उलटतं ते फार खरं झालंय म्हणे. खेळणाऱ्यांनी भरभरून लिहिलंय. मी मान हलवते आणि मला काकांची मूठ दिसते. खरं करणं म्हणजे काय, याचा मी आजवर काचा आणि बटाट्यांपुरता विचार केला होता.

काकांना म्हणावं, हवं तर नवा माणूस घेऊन पहिल्यापासून सुरू करा, मी सोपा प्रकार लावून देते. नको म्हणतील, माहीत आहे.

शिडीच्या दिवशी काय झालं ते लगेच कळव. फोन कर. अर्ध्यात ठेवलास तरी चालेल.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
ठमी

---

ता. २९ मार्च

चि. ठमीस,

अ. उ. आ. फोन केला नाही, कारण फोनवर मी एवढंच म्हणाले असते की चढले, आणि ठेवून दिला असता. ते पुरेसं नाही.

काल आम्ही दोघं यार्डावर गेलो. दारावरचा रखवालदार मला आत सोडेना. बाहेरच्यांना बंदी. मी म्हटलं, मी बाहेरची नाही, हा माणूस कसा चढतो ते बघायला आलेय. ऐकेना. हे म्हणाले तू घरी जा. मी बरं म्हणाले आणि रस्त्यापलीकडे पंक्चरवाल्याच्या दुकानाजवळ जाऊन उभी राहिले. तिथून भिंतीवरून क्रेनचे सांगाडे दिसतात. यांची कुठली, शेवटची पिवळी, एवढं मला ठाऊक.

बराच वेळ काही नाही. मग शिडीवर एक ठिपका. निळा सदरा, यांचाच, मीच इस्त्री केलेला. ठिपका वर गेला, आणखी वर गेला, आणि अर्ध्यावर थांबला. थांबला तो थांबलाच. मी इथे खालून म्हणतेय, चढा नाहीतर उतरा, पण असे लटकू नका हो. मोठ्याने म्हणाले असणार, कारण पंक्चरवाल्याने टायर सोडून माझ्याकडे पाहिलं. बाई बसता का, म्हणाला. बसते कसली.

मग ठिपका हलला. वर. केबिनचं दार उघडलं, मिटलं.

थोड्या वेळाने क्रेनचा आकडा खाली गेला आणि लोखंडाच्या कांबींचा भारा घेऊन वर आला. भिंतीच्या वर आला, आणखी वर, आणि हवेत थांबला. मी श्वास धरला ठमे. काही म्हणजे काही ऐकू येईना, गाड्यासुद्धा. भारा जरासा झुलला, मग तेही बंद. तसाच राहिला. धरलं होतं. मी पंक्चरवाल्याला सांगितलं, ते वर आहेत ना, ते आमचे. तो म्हणाला, हो का. चांगला माणूस, चहा दिला.

दुपारी हे बाहेर आले. घामेजलेले, पाय ओढत, पण ताठ. मी सांगितलं, सगळं पाहिलं, कसा थांबवलात तो भारा. तर म्हणतात कसे, मी हातसुद्धा लावला नाही. तो बदली गड्याने उचलला. मी बाजूला बसून नुसता ब्रेकच्या दांड्याकडे बघत होतो.

म्हणजे मी श्वास धरला तो दुसऱ्याच बाईच्या नवऱ्यासाठी! तिला माहीतही नसेल बिचारीला.

फोरमनने जागा यांचीच ठेवलीय. त्या गड्याला दुसरी क्रेन मिळाली. उद्यापासून दांडा यांच्या हातात. घरी आल्यावर हे जेवले, पोटभर, आणि झोपले. मी भांडी घासायला बसले आणि एकच ताट घासत राहिले. इतके महिने एकच घोकत होते, हे चढू देत, चढू देत. चढले. आता उद्या सकाळी हे वर असतील, खाली माणसं असतील, मध्ये लोखंड असेल. आणि मी लाँड्रीत, जिथून क्रेन दिसतसुद्धा नाही. ही काळजी आधीही असायची, पण हे खुर्चीत बसले तेव्हा मी ती विसरून गेले होते. काल परत आठवली.

म्हणून तुला एक सांगते, नाही म्हणायचं नाही. तुमच्या त्या मनोऱ्याखाली मी सगळं नीट पाहिलंय. गवंडी आहेत, गाढवं आहेत, मुकादम आहे, एक लंगडं कुत्रंसुद्धा आहे. पण वर बघत उभी राहिलेली बाई एकही नाही. एवढं खरं खरं करता, तर ती कशी राहिली? चाकात माणसं आहेत म्हणजे ती असणारच. ठेव एक. तिच्या हातात काही देऊ नकोस, बटण दाबलं तरी तिला बोलायला लावू नकोस. नुसती उभी. आणि चाकातला खाली उतरेपर्यंत तिला तिथून हलता येऊ नये, तेवढं कर.

आईला नमस्कार, तुला सगळं प्रेम. रागाचं काही शिल्लक नाही, लोभच काय तो उरलाय, तो सांभाळ.

तुझी,
मावशी